पुढच्या भरतीपर्यंत सायकल

सायकली भाड्याने द्यायचं दुकान काढून त्या शक्यतो कोणालाच द्यायच्या नाहीत, असा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. चिखले गावच्या काही बागायतदार वाडीवाल्यांनी मिळून चार जुन्या सायकली आणल्या, गावासाठी सामाईक दुकान काढलं आणि ते आतोबांच्या हवाली केलं. का, ते देव जाणे! गिऱ्हाईक आलं की आतोबा त्याला आधी बाकावर बसवत आणि मुलगी मागायला आल्यासारखी त्याची चौकशी करत. कुठे जाणार, चढावर उतरून ढकलणार की नाही, मागे कोणाला बसवणार? एकदा तलाठी घाईघाईने आला, तर त्याला हात जोडून म्हणाले, "आज नको साहेब. सकाळपासून तिला बरं नाहीये." तलाठी मुकाट्याने चालत गेला.

वेळेचा हिशेब तर त्याहून अजब. दुकानात घड्याळ नव्हतं. सायकल मिळायची ती पुढच्या भरतीपर्यंत. समुद्र भरला की सायकल दारात हवी. धाकट्या डहाणूच्या मच्छीमारांना हे सोयीचं होतं, पण बाकीच्यांचे हाल व्हायचे. डहाणूरोडचा एक गुजराती कापडवाला सायकल न्यायचा, त्याला आतोबा त्याच्याच भाषेत बजावायचे, "भरती पहेलां पाछी लावजो," म्हणजे भरतीआधी परत आण. तो बिचारा दारोदार कापड विकायचं सोडून गठ्ठ्यासकट किनाऱ्यावर पाणी बघत उभा राहायचा. कोणी तक्रार केलीच, तर आतोबांचं उत्तर ठरलेलं. "कोळ्यांकडे घड्याळ नाही. मग घड्याळवाल्यांनी भरती शिकावी."

अशा माणसाच्या हातात माझ्या थोरल्या बहिणीची नोकरी जाऊन पडली. ताईला तलासरीच्या वाटेवरच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून घेतलं होतं. सकाळी जायला गाडी होती, पण परतीची अंधार पडल्यावर. बाबांनी सांगून टाकलं, "दिवेलागणीच्या आत घरी येता येत असेल तर कर नोकरी. एक दिवस चुकलं, की बंद." म्हणजे सायकल हवी, तीही रोज. आणि भरती काही शाळेच्या वेळा पाळत नाही, आज सकाळी तर आठवड्याने दुपारी. त्यातून चारही सायकली पुरुषी, साडी नेसून बसायचं कसं? बाबा निर्धास्त होते. आतोबा आपला नियम मोडणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

आतोबांनी ताईलाही बाकावर बसवलं. चढाचं विचारलं, मागे कोणाला बसवणार तेही विचारलं. मग चारांतली सगळ्यात चांगली सायकल उचलून लोहाराकडे नेली आणि तिचा मधला दांडा कापून खाली उतरवून घेतला. वाडीवाले भडकले. सामाईक सायकल कोणाला विचारून कापली? आतोबा शांतपणे म्हणाले, "पुरुषांनाही चालते की. टांग टाकायचा त्रास वाचला." आणि भरतीचं काय, असं ताईने भीतभीत विचारलं, तेव्हा म्हणाले, "तू येशील तेव्हा भरती."

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. मग एका संध्याकाळी दिवे लागले तरी ताई आली नाही. बाबा ओटीवर येरझारा घालत होते, आई तुळशीपाशी नुसतीच उभी होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात फाटकातून ताई आली, आणि तिच्या मागे सायकल ढकलत आतोबा. बाबांनी तोंड उघडायच्या आत आतोबाच म्हणाले, "हिला मीच दुकानात थांबवून घेतलं. ब्रेक बघायचा होता."

खरं तर साखळी तुटली होती. ताई एकटी सायकल ढकलत येत होती, आणि हा म्हातारा तिला शोधायला तलासरीच्या वाटेने कितीतरी लांब चालत गेला होता. बाबांनी त्या लोंबत्या साखळीकडे पाहिलं. मग आतोबांच्या गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिलं. शेवटी बाबा आत वळून म्हणाले, "पाय धुवायला पाणी द्या त्यांना. आणि पान वाढा." नोकरीचा विषय त्या रात्री निघाला नाही, आणि पुढेही कधी निघाला नाही.

आतोबांना जाऊन आता फार वर्षं झाली. ताई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, तेव्हा शाळेने निरोपाचा समारंभ केला. तिने एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांचे आभार मानले. शेवटी "आमचे आतोबा" एवढंच म्हणाली. ती तशीच खाली बसली.