लिफ्टच्या खड्ड्याला लागलेले पाणी

गेल्या चैत्रात, गोंदियात आमच्या शेजारच्या तीन मजली घरामागे लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्याला पाणी लागले आणि घरमालक शामरावबापूंनी तिथे नारळ फोडला.

इंजिनियर खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन उभा राहिला. "बापूजी, ये लिफ्ट का गड्ढा है, कुआँ नहीं. पानी रहा तो काम बंद."

बापूंचे हसू गेले. त्यांच्या वाडवडिलांनी केशोरी गावाकडे बोड्या, म्हणजे शेतीची छोटी तळी, बांधली होती. खोदताना पाणी लागले की नारळ फोडायचा, ही घरची रीत. सत्तरी उलटलेल्या बापूंच्या हातून ती आपोआप घडली.

लिफ्ट हवी होती त्यांच्या पत्नी सिंधूबाईंसाठी. खाली तांदळाचे दुकान, मध्ये भाडेकरू, वर घर. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन वर्षे त्या खाली उतरल्या नव्हत्या. मुलगे खुर्चीत बसवून न्यायला तयार होते. त्या म्हणत, "चार जन उचलून नेतात ते एकदाच. त्याच्या आधी नाही." केशोरीच्या शेतातली भाताची रोवणी त्यांना पाहायची होती.

हात लावल्याशिवाय बापूंना काही पटत नाही. भाताचे पोते असो, भिंतीची ओल असो की नातवाचा ताप. "सांगू नको, हात लावू दे," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

दुसऱ्या दिवशी ते शिडी लावून खड्ड्यात उतरले. चारही बाजूंवरून तळवा फिरवला. "एकाच अंगानं येऊन राहिलं. बोडीत पानी अडवाचं. इथं त्याले वाट द्याची."

त्या अंगाला त्यांनी खड्ड्याहून खोल चर खणवला आणि उताराने मागच्या नाल्यापर्यंत नेला. तिसऱ्या दिवशी इंजिनियर खाली उतरला, तळाला हात लावून वर आला. "कल से काँक्रीट," एवढेच म्हणाला.

श्रावणात लिफ्ट सुरू झाली. अर्धी गल्ली अंगणात जमली होती.

"चाल ना वो," बापू वरच्या दारात म्हणाले.

"कायले घाई करून राहिले? लुगडं तर बदलू द्या."

लुगडे बदलून सिंधूबाई सुनेसोबत लिफ्टमध्ये गेल्या. बटण दाबून बापू जिन्याने धावले. खाली दार उघडले तेव्हा ते समोर धापा टाकत उभे होते.

"तुमी काऊन जिन्यानं आले?"

"दार उघडते का नाही, पाहाचं होतं."

सिंधूबाई वॉकर धरून फाटकापर्यंत चालल्या. "रोवणी चालू हाये ना?"

"हाये."

पावणेअकराला त्यांची गाडी निघाली. दीडनंतर त्यांच्या थोरल्या मुलाचा आमच्याकडे फोन आला. सिंधूबाई बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि रोवणाऱ्या बायकांना ओळ सरळ धरायला सांगत होत्या.