खाली रखना

हॉस्पिटलचे डॉ. माथुर आमचा डेमो बघायला अकरा वाजता येणार होते आणि पावणेअकराला फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा होता.

"शर्माजी, चिप्स कहाँ हैं?"

"वैक्यूम जार में, मैडम. आपने ही तो लिखा था, खाली रखना."

मी जयपूरच्या एका कॉलेजात शिकवते आणि लॅबमध्ये किडनीचा आजार लवकर ओळखणारी चिप बनवते. चिप म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा, आत केसाएवढ्या नळ्या. लघवीचा थेंब आत गेला की त्यातलं ठरावीक प्रोटीन नळीच्या भिंतीला चिकटतं आणि आरपार जाणारा प्रकाश किंचित बदलतो. आजार नवा असला तर हा बदल इतका बारीक असतो, की एक बुडबुडा अडकला तरी सगळा रिझल्ट बोंबलतो.

बुडबुड्यांनी आमचे दोन डेमो खाल्ले होते. "अब भी यही हुआ तो मरीज़ों के सैंपल नहीं मिलेंगे," असं माथुरसाहेबांनी हॉस्पिटलच्या वतीने स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे चिप कपाटात आणि माझी चार वर्षंही. म्हणून आदल्या दिवशी मी चिप्स पाण्याने भरून ठेवल्या आणि आमचे टेक्निशियन शर्माजी यांना चिठ्ठी लिहिली: 'सब चिप्स खाली रखना.' खालच्या कप्प्यात! पण हिंदीत खाली म्हणजे रिकामं. शर्माजींनी इमानदारीत प्रत्येक चिप रिकामी केली, सुकवली आणि ओल लागू नये म्हणून हवा काढलेल्या जारमध्ये ठेवली.

आता भरायला वेळ नव्हता. साहेबांसमोर चिप काढली, नळीच्या तोंडावर लॅबमध्येच बनवलेल्या सॅम्पलचा थेंब ठेवला. पंप जोडायचा होता, त्या बाजूचं टोक अजून टेपने बंदच होतं. तरी थेंब आपणहून आत सरकायला लागला!

जारमध्ये रबरातलीही हवा निघून गेली होती. बाहेर आल्यावर ते नळीतली हवा शोषत होतं आणि मागून थेंब ओढला जात होता. बुडबुडेही तेच पिऊन टाकत होतं. सहाच्या सहा चिप्स स्वच्छ भरल्या. सगळ्यात कमी प्रोटीनचा सॅम्पलसुद्धा पकडला गेला. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

"आइडिया किसका?" माथुरसाहेबांनी विचारलं.

"मैडम का," शर्माजी अभिमानाने म्हणाले. "लिखकर दिया था."

मी खरं सांगून टाकलं. साहेब पोट धरून हसले आणि सॅम्पलच्या परवानगीवर सही केली.

लॅबमधली सूचना नेमक्या शब्दांत लिहावी, हे मी विद्यार्थ्यांना अजूनही शिकवते. फक्त कोणी उदाहरण मागितलं की पंचाईत होते.