नारकंड्याच्या बर्फावर जिनिंगची फळी

परवा माझी नात सई विचारत होती, "आजी, मार्चमध्ये स्नोबोर्डिंगला जायचंय. पैसे बेताचेच आहेत, कुठं जाऊ?" तिने आपलं सहज विचारलं. मी म्हटलं, थांब बाई, यातलं मला थोडं कळतं. आपला महाराष्ट्र नवा नवा होता, तेव्हा मी आणि माझे बाबा खामगावहून थर्ड क्लासने बर्फावर घसरायला गेलो होतो. तिचा विश्वास बसेना, म्हणून सगळं इथं लिहून काढते.

जायचं ठरलं ते बाबांमुळे. ते जिनिंगमध्ये मुकादम होते. कापसाच्या गंजी लावून घेण्यात हयात गेली आणि हवेत उडणारी कापसाची भुरी छातीत जाऊन बसली. दम लागायला लागला तसं डॉक्टरांनी जिनिंगला जाणं बंद करायला सांगितलं. त्या दिवसापासून बाबा ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई ताट ठेवायची आणि अर्धं तसंच उचलायची. "सुमे, मी आता कोन्या कामाचा नाही राह्यलो," एवढंच एकदा म्हणाले. ज्या माणसाची हाक अख्ख्या जिनिंगभर ऐकू जायची, त्याचा हा आवाज मला सहन होईना.

तेवढ्यात आमच्या आळीतले फौजेतले हवालदार काका सुटीवर आले. ओट्यावर बसून सांगत होते की पहाडात लोक पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरतात. बाबांनी कूस बदलली. "फळीवरून? कापसावानी?" मी लहान असताना, दुपारी मजूर जेवायला बसले की बाबा मला फळीवर बसवून गंजीवरून सोडायचे. मालकाची नजर चुकवून, अर्थात. धर गच्च म्हणायचे आणि मग "सोडलीऽऽ" अशी आरोळी ठोकायचे. मला ती आरोळी पुन्हा ऐकायची होती, बाकी काही नाही.

आता मुद्द्याचं, ठिकाण निवडणं. मी कचेरीत नुकतीच टायपिस्ट लागले होते, म्हणजे खिशाचा विचार पहिला. काश्मीर लांब आणि महाग, ते बाद. आम्हाला होळीच्या सुमारालाच जमणार होतं, तेव्हा मनालीच्या वरची खिंड बंद असते आणि एवढ्या उंचावर बाबांना श्वास पुरला नसता. मसुरी स्वस्त, पण तोवर तिथला बर्फ वितळून जातो. सिमल्याजवळ कुफ्रीला हौशी लोकांची गर्दी आणि गर्दीचे भाव. काकांनी मग नारकंडा सुचवलं. सिमल्याच्या पुढे बसने जायचं, सावलीच्या उतारावर बर्फ टिकतो आणि ढाब्यावरच खोली मिळते. दम लागणाऱ्या माणसाला तीही उंची थोडी नव्हे. पण डॉक्टर म्हणाले, "सावकाश न्या. धुळीपेक्षा बरी हवा आहे."

बाबा मात्र ऐकेनात. "मले काय दाखोतं बरफ? जल्मभर पांढरंच पाह्यलं मी."

"जा ना हो पोरीसंग," आई म्हणाली. "मी आली असती, पन म्हशीले कोन पाहीन?"

निघायच्या दिवशी सकाळी ते आपणहून उठले आणि परसातून जिनिंगमधली ती जुनी सागाची फळी घेऊन आले. तिला जवसाचं तेल चोळलं, सतरंजीत गुंडाळली. पुढचा प्रवास मला सोपा वाटला.

खामगावहून जलंब, तिथून भुसावळ, मग दिल्ली आणि कालका. दशम्या आणि ठेचा दिल्लीपर्यंत पुरला. कालक्याहून पुढे छोटी गाडी बोगद्यांतून कुथत कुथत चढते. खिडकी डावी की उजवी, काही बघू नका, जिथं जागा मिळेल तिथं बसा. सिमल्याहून नारकंड्याच्या बसमध्ये माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं, बाबा मात्र ठणठणीत. ढाब्यावर गरम भातावर राजमा वाढला.

"हे कोन्त्या शेंगेचं दानं हाये?" बाबांनी विचारलं आणि ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळी उचलली, तर म्हणाले, "आत्ता नोको. ऊन लागू दे." कापसाचं तसंच असतं. सकाळी दवाने दमट, फळी रुतून बसते. दुपारी तापला की सुळकन जाते. मलाही ते पटलं. चहावर चहा घेत आम्ही शेगडीपाशी बसून राहिलो. ऊन चढल्यावर देवदारांमधल्या उतारावर गेलो, मी फळीवर बसले, बाबांनी ढकललं आणि फळी भस्सकन बर्फात बसली. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. लगदा झाला होता नुसता. ढकलून ढकलून बाबांना जोराचा खोकला आला. खोलीवर येऊन ते भिंतीकडे तोंड करून निजले.

"उद्याच्या पहिल्या बसनं जाऊ," म्हणाले. मी हो म्हटलं. उशीत तोंड खुपसून रडले, खोटं कशाला सांगू.

पहाटे त्यांनीच मला हलवलं. तोंड धुवायला बाहेर गेले होते. कापूस दमट आहे का ते बघायला मूठ दाबायची सवय जन्माची, तशीच त्यांनी बर्फाची मूठ दाबली होती. "सुमे, ऊठ. हे उलटं हाये. रात्री आळते, दुपारी पाघळते."

"बाबा, बस?"

"जाऊ दे बसले."

फळी मी घेतली. ते चार पावलं चालायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे. मीही तिथंच थांबायचे. वर पोचल्यावर त्यांनी मला बसवलं, फळीच्या पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात दिली. "धर गच्च." आणि मग माझ्या पाठीमागे, त्या सगळ्या पहाडाला ऐकू जाईल अशी, "सोडलीऽऽ!"

किती लांब गेले मला माहीत नाही. डोळ्यांत पाणी होतं, काही दिसत नव्हतं. खाली एका बर्फाच्या ढिगात जाऊन पडले आणि मोठ्याने रडले, मोठ्याने हसले. वर पाहिलं तर बाबा दोन्ही हात हलवत होते. "फळी आन वर," ओरडत होते. "आता मी बसतो."

तर सई, नारकंड्यालाच जा. आता तिथं काय भाव आहेत ते तू बघ. लोकरीचे मोजे दोन जोड्या ने आणि सकाळी ऊन चढायच्या आत उतारावर पोच, दुपारी चहा पी. बाबा पुन्हा जिनिंगमध्ये गेले नाहीत, छातीही पूर्ण बरी झाली नाही. पण घरी पोचल्या दिवशीच त्यांनी आईला खाटेचं एक टोक धरायला लावलं आणि खाट फिरवून घेतली. त्यानंतर शेवटपर्यंत ते रस्त्याकडे तोंड करून पडायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून बर्फाचं सांगायचे.