जुन्या मॅनेजरबद्दल दोन शब्द

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोराला चालता यायला लागलं की त्याच्या पायाशी बॉल येतो. मी तालमीच्या फुटबॉल संघात चार-पाच वर्षं डाव्या बाजूनं खेळलो, मग गुडघा गेला आणि खेळ बघण्यावर आला. चाळिशी ओलांडल्यावर एका खासगी डेअरीत नोकरी लागली आणि भूमच्या दूध शीतकरण केंद्रात माझी नेमणूक झाली. बायकोची कोल्हापुरात शाळेतली नोकरी, मुलगी बारावीला. त्यामुळं मी एकटाच आलो.

केंद्रातलं माझं काम लॅबचं. गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमधून यायचं. प्रत्येक कॅनचा नमुना घ्यायचा, फॅट किती लागते ते बघायचं, दर त्यावरच ठरायचा, मगच दूध कूलरच्या टाकीत सोडायचं. साडेनऊला सकाळची पाळी आटोपली की संध्याकाळपर्यंत फारसं काही नसायचं. खोली केंद्राच्या मागंच होती. दुपारी पत्रे तापले की आत बसवत नसे आणि बाहेर गप्पा मारायला कुणी नसे. लोक वाईट नव्हते. 'जेवलात का' म्हणून रोज कुणी तरी विचारायचंच. पण त्याच्या पुढं बोलणं सरकत नव्हतं. क्रिकेट आणि पाऊसपाणी झालं की सगळे आपापल्या कामाला.

फुटबॉलचं बोलायला माझ्याकडं मोबाईलवरचा एक ग्रुप होता. पेठेतले आम्ही आठ-दहा जण, सगळे इंग्लंडमधल्या एकाच संघाचे वेडे. त्यात दोघंच खरे बोलणारे. एक आमच्या तालमीचा जुना गोलकीपर, आता मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. दुसरा माझा मावसभाऊ, कॉलेजात शिकवतो. बाकीचे अंगठ्याचं चिन्ह टाकण्यापुरते. दुपारी मी लॅबच्या दारात खुर्ची टाकून त्या दोघांशी भांडत बसायचो. दिवसातलं माझं सगळ्यात जास्त बोलणं तेच, आणि तेही बोटांनी.

केंद्रात माझ्या शेजारी बसून मॅच बघणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे मॅनेजर. कळंबचे, पन्नाशी उलटलेले, अंगानं भरलेले. त्यांच्या आईचं माहेर उमरग्याकडं, त्यामुळं घरी फोनवर निम्मं कानडी चालायचं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. थंडीत रविवारची मॅच आपल्याकडं साडेसातला सुरू होते. टँकर भरून निघाला की ते कळंबला जाण्याआधी माझ्या खोलीत डोकवायचे.

"लागलंय का तुमचं?"

"लागलंय. या की साहेब."

मग माझ्या कॉटवर मांडी घालून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्यो कोपऱ्यात कोट घालून उभा हाय, त्यो कोन?"

"मॅनेजर."

त्यांना हे फार आवडलं. "म्हंजे माझ्यासारखाच. खेळत बी न्हाय आन् बसत बी न्हाय." त्यानंतर ते खेळाडूंपेक्षा त्या कोटवाल्याकडंच जास्त बघायचे. गोल खाल्ला की म्हणायचे, "आता त्याला झोप न्हाय बगा आज." अर्धी मॅच झाली की स्कूटर काढून निघून जायचे. तेवढा तास मला आठवडाभर पुरायचा.

त्याच हिवाळ्यात इंग्लंडमधल्या आमच्या संघानं लागोपाठ मॅच घालवल्या आणि त्या कोटवाल्या मॅनेजरला काढलं. नवा आला, आणि त्याची पहिलीच मॅच आम्ही जिंकलो. मॅचनंतर आमच्या एका तरुण खेळाडूसमोर माईक धरला गेला. तो घामानं निथळत होता, हसत होता. म्हणाला, "आता मैदानात उतरताना काय करायचं ते आम्हाला ठाऊक असतं."

त्या एका वाक्यावर आमच्या ग्रुपात चार दिवस रण माजलं. मला ते सहनच झालं नाही. ज्या माणसानं या पोराला मोठ्या संघात घेतलं, सगळे हसत होते तेव्हा ज्यानं त्याची बाजू घेतली, तो जाऊन आठवडा झाला नाही आणि हा म्हणतो आता ठाऊक असतं. म्हणजे आधी ठाऊक नव्हतं? मी लांबच्या लांब मजकूर लिहिला. गोलकीपरनं उत्तर दिलं, "भावा, नव्याच्या हातात अकरा जणांची यादी आहे. जुन्याचं कौतुक करून ह्याला बाकावर बसायचंय का?" मावसभाऊ म्हणाला, "तो खोटं काय बोलला? खरंच कुणाला काही ठाऊक नव्हतं. आपणच रोज बोंबलत होतो." मी म्हणालो, आपण बोंबलणं वेगळं. आपण त्याच्या हाताखाली खेळलो नव्हतो. त्यानं तरी तोंड आवरायला हवं होतं. एका दुपारी मी इतका तापलो की आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आणि कॅन धुणाऱ्या बाईनं आत येऊन विचारलं, घरी काय झालं का म्हणून.

रविवारी मी साहेबांना ती मुलाखत दाखवली आणि अर्थ सांगितला. मला वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी ती दोनदा बघितली.

"पोरगं हाय," ते म्हणाले. "माईक तोंडाम्होरं धरल्यावर कायतरी बोलावंच लागतंय की."

"पण वाईट वाटलं असेल ना त्या माणसाला?"

"वाटलं आसंल. घरी बसून टीव्ही बगत आसंल तर वाटलं आसंल." आणि मग त्यांनी विचारलं, "त्याच्या घरी हाय का न्हाय कोन, त्याच्याबरबर बगायला?"

मला ते ठाऊक नव्हतं.

आता आमच्या केंद्राचं खरं सांगायचं तर तिथं सगळं ढिलं होतं. साहेब कुणाला ओरडायचे नाहीत. कॅन उशिरा आला तरी परत पाठवायचे नाहीत. टाकी धुवायची वेळ ठरलेली नव्हती, ज्याला सवड असेल तो धुवायचा. एकदा दोन गावांच्या नमुन्यांची अदलाबदल झाली आणि दोन्हीकडची माणसं दारात येऊन उभी राहिली. साहेबांनी त्यांना चहा पाजला, हात जोडले, प्रकरण मिटवलं. पण चूक कशी झाली ते शोधलं नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या. चूक कदाचित माझीच असेल. त्यांनी मला तेही विचारलं नाही.

उन्हाळा लागता लागता मुख्य कार्यालयानं त्यांना बोलावून घेतलं. परत आले तेव्हा हातात कागद होता. तामलवाडीकडच्या गावांत दूध गोळा करणाऱ्यांवर देखरेख, असं नवं काम दिलं होतं. मॅनेजर नव्हे, सुपरवायझर. त्यांनी चार दिवस सुट्टी घेतली आणि पाचव्या दिवशी राजीनामा पाठवून दिला. निरोप समारंभ झाला नाही. टेबलाच्या खणातला चष्मा आणि देवाचा फोटो न्यायला आले, मला म्हणाले, "येतो. रविवारी कवातरी चक्कर मारीन." त्या रविवारी मी मॅच लावून बसलो होतो. ते आले नाहीत. तसा सीझनही संपतच आला होता.

नवे मॅनेजर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. टाकी कुणी कधी धुवायची, नमुना कुणी घ्यायचा, सही कुणी करायची. प्रत्येक गावाच्या बाटलीला वेगळ्या रंगाचं झाकण आलं. मला आधी राग आला, मग दोन आठवड्यांत लक्षात आलं की माझं काम निम्म्यानं सोपं झालंय. एकही नमुना चुकला नाही. हे नाकारून चालणार नाही.

पावसाळ्यानंतर मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. तक्ता बघितला, झाकणं बघितली, खूश झाले. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसानं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "लॅबवाले, दोन शब्द बोला. केंद्रात काय बदललं?"

माझ्या एका बाजूला नवे मॅनेजर, दुसऱ्या बाजूला मोठे साहेब. मी घसा साफ केला आणि बोललो. काय बोललो ते तेव्हा नीट कळलंही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले.

दुपारी खोलीवर आल्यावर तो व्हिडिओ डेअरीच्या सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर पडलेला दिसला. मी लावला. कॅमेऱ्यात माझा चेहरा मला थोरल्या भावासारखा वाटला. आणि मी म्हणत होतो, "पूर्वी काही ठरलेलं नसायचं. आता सकाळी कामाला उभं राहिलं की काय करायचं ते ठाऊक असतं."

मी मोबाईल कॉटवर पालथा ठेवला. पाच मिनिटांनी परत उचलला आणि ग्रुपातली नावं खाली खाली बघत गेलो. साहेबांचं नाव होतं. नोकरी सोडली तरी त्यांना कुणी ग्रुपमधून काढलं नव्हतं. व्हिडिओखाली मी नुसतं 'धन्यवाद' लिहिलं आणि ते कुणी कुणी पाहिलं याची यादी उघडली. संध्याकाळपर्यंत त्या यादीत त्यांचं नाव आलं.

फोन करावा असं लगेच वाटलं. नंबर काढला आणि ठेवला. काय सांगणार? चुकून बोललो म्हणावं तर चुकून नव्हतं. खोटं बोललो म्हणावं तर खोटंही नव्हतं. उद्या करू, असं म्हणत दोन महिने गेले. त्यांचाही फोन आला नाही.

मध्ये एकदा मी पेठेतल्या ग्रुपात हे लिहून टाकलं, सगळं, जसं घडलं तसं. वाटलं होतं कुणी तरी झापेल. गोलकीपरनं लिहिलं, "म्हणजे तू पण शेवटी प्लेयर झालास म्हणायचं," आणि खाली हसणारे चेहरे. मावसभावानं लिहिलं, "खरं तेच बोललास, विषय संपला." त्याच्याखाली लगेच कुणी तरी त्या आठवड्याच्या पेनल्टीचं टाकलं आणि सगळे तिकडं वळले. मी त्या दिवशी पेनल्टीबद्दल काही लिहिलं नाही. माझं काही आलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

शेवटी एका साप्ताहिक सुट्टीला मी सकाळची एसटी धरली आणि कळंबला गेलो. साहेब त्यांच्या धाकट्या भावाच्या जनावरांच्या पेंडीच्या दुकानात बसतात असं ऐकलं होतं. धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्यावर ते दुकान सापडलं. सरकी पेंडीच्या पोत्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले होते. बारीक झाले होते. मला बघून उठले.

"या या, कोल्हापूरकर. हिकडं कसं काय?"

"तुम्हालाच भेटायला आलो."

त्यांनी शेजारचं स्टूल पुढं ओढलं, चहा सांगितला. मग टाकीचं विचारलं, टँकर वेळेवर येतो का ते विचारलं, कॅन धुणाऱ्या बाईची तब्येत विचारली. मी उत्तरं देत राहिलो. चहा संपल्यावर माझ्यानं राहवेना.

"साहेब, तो व्हिडिओ…"

"बगितला की." ते सहज म्हणाले. "चांगलं बोललात. म्या काय ठरवीत नव्हतो, हे खरंच हाय. घरात बी मला हेच ऐकावं लागतंय."

"तसं म्हणायचं नव्हतं मला."

"मग कसं म्हनायचं होतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होते. मी रिकामा कप खाली ठेवला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी उठून त्याला पोतं दाखवलं, पेंड हातात घेऊन कुस्करून दाखवली, आणि परत येऊन बसले.

"बोलल्याचं काय न्हाय वो," ते म्हणाले. "माईक म्होरं आल्यावर बोलावं लागतंय. पर त्याच सांच्याला तुमचा फोन यील, आसं मला वाटलं. 'साहेब, आसं आसं बोलून गेलो' म्हनला आसता तर म्या हसलो आसतो. दोन-तीन दिस फोन जवळच ठेवला होता."

 माफी मागावी असं मनात होतं, पण ती मागायची वेळ दोन महिन्यांपूर्वी होती. ते बहुधा त्यांनाही कळत होतं. ते म्हणाले, "चला, जेवून घिऊ."

घर दुकानाच्या मागंच होतं. वहिनींनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं वाढलं. आईशी ते कानडीत काही बोलले. म्हातारीनं माझ्याकडं बघून मान हलवली. जेवणभर दुधाच्या, पावसाच्या, माझ्या मुलीच्या परीक्षेच्या गोष्टी निघाल्या. मॅचचा विषय त्यांनी काढला नाही. मीच म्हणालो, "साहेब, या रविवारी मोठी मॅच आहे. येताय का भूमला? रात्री राहायलाच या."

"बगू," ते म्हणाले आणि वहिनींना मला आणखी पिठलं वाढायला लावलं.

पाचच्या गाडीला मला सोडायला स्टँडवर आले. गाडी लागली होती. मी खिडकीची जागा धरली. ते खाली उभे होते, तेवढ्यात कुणी ओळखीचा भेटला आणि ते त्याच्याशी सरकीबद्दल बोलायला लागले. गाडी निघाली तेव्हा त्यांची माझ्याकडं पाठ होती. मी हात वर केला होता तो खाली घेतला.

भूमला पोचेपर्यंत संध्याकाळचे कॅन येऊन गेले होते. माझ्या जागी दुसऱ्यानं फॅट काढली होती, तक्त्यावर त्याची सही होती. खोलीत जाऊन मी दिवा लावला आणि मोबाईल बघितला. केंद्रांच्या ग्रुपवर एक बारीक, फिकट ओळ आली होती. साहेबांनी ग्रुप सोडला होता. इतके दिवस ते का थांबले होते आणि आजच का गेले, हे विचारायला मी नंबर काढला. रिंग पूर्ण वाजली. त्यांनी मुद्दाम उचलला नसेल, किंवा दुकानात असतील.

त्या ओळीच्या खाली नव्या मॅनेजरांनी उद्या टाकी धुवायची वेळ टाकली होती. पहाटे साडेचार. मी 'ठीक आहे' असं लिहिलं आणि गजर लावला.