आक्काचं जर्नल

"आलं न्हाय तर आलं न्हाय म्हणून लिहायचं. त्यात काय रं?"

हे म्हणताना आक्का परीक्षानळी खिडकीकडं धरायची, एक डोळा बारीक करून. तिच्या विणकरांच्या वडगावात मागावरनं साडी उतरली की ती उजेडात धरून तुटलेला धागा शोधतात, अगदी तसं. नळीत काय आहे ते ती बघायची. आम्ही बाकीचे शेजाऱ्याच्या वहीत काय आहे ते बघायचो.

बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतलेले आम्ही सगळे अठरा-एकोणीस वर्षांचे, आणि ती चौतीसची. पीयूसी सायन्स, म्हणजे बारावी, झाल्या झाल्या तिचं लग्न झालं होतं. मुलगी हायस्कूलला गेली तशी ही कॉलेजला आली. पहाटे उठून घरच्या मागांसाठी कांड्या भरायच्या, स्वयंपाक आवरायचा आणि साडेनऊला पहिल्या बाकावर हजर. पहिल्याच दिवशी वर्गानं तिला आक्का केलं. एकदा हजेरी घेताना सरांच्याही तोंडून "आक्का" गेलं, आणि ही गंभीरपणे "येस सर" म्हणाली.

तिची नणंद विचारायची, "बारक्या पोरांत बसून काय शिकतीस गं?"

"अंड्यातलं पांढरं."

"खायचं सोडून त्यात शिकायचं काय?"

"तेच तर कळाय पायजे," आक्का म्हणायची.

तुमच्याही वर्गात असं एखादं माणूस असेल. सगळे ज्याला हसतात आणि परीक्षा आली की ज्याच्याभोवती गोळा होतात.

मी खानापूरकडच्या खेड्यातला. आईबरोबर बाजारात बसून वाढलो, त्यामुळं घासाघीस मला कुणी शिकवावी लागली नाही. प्रॅक्टिकलमध्येही मी सौदेच करायचो. तुझं रीडिंग दे, माझी आकृती घे. आमचे सगळ्यांचे ग्राफ पट्टीसारखे सरळ यायचे. आक्काचा एखादा ठिपका कायम वाट चुकलेला.

"आक्का, जरा वर ढकल की त्याला. कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं," ती म्हणायची. आमच्याकडं बायका असंच बोलतात.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी जर्नल पूर्ण लागतं. केलेला प्रत्येक प्रयोग त्यात लिहायचा. परीक्षेदिवशी ते बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या टेबलावर जातं. शेवटच्या वर्षी माझं निम्मं जर्नल कोरं होतं. मी आक्काकडं गेलो. तिनं आपलं जर्नल काढून दिलं आणि म्हणाली, "वाचून समजून घे. नुसतं उतरवू नको."

मी नुसतं उतरवलं. बसमध्ये, मांडीवर वही ठेवून, दोन दिवसांत.

त्यात प्रथिनं ओळखण्याचा एक साधा प्रयोग होता. द्रावण टाकलं की जांभळा रंग यायला पाहिजे. आक्कानं लिहिलं होतं: रंग आला नाही. द्रावणाच्या बाटलीत तळाला काळपट गाळ दिसला. ताजं द्रावण करून पुन्हा करणे. पुढच्या पानावर तिनं तो पुन्हा केला होता आणि रंग आला होता. ते पान मी उलटलंच नाही.

परीक्षकांनी दोन जर्नलं शेजारी शेजारी उघडली. "एकाच कॉलेजात दोघांचा एकच प्रयोग फसला. गाळ कशाचा होता?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "बाटली नीट धुतली नसंल सर."

त्यांनी आक्काला विचारलं. द्रावण फार दिवस राहिलं की त्यातलं तांबं खाली बसतं, हे तिनं सांगितलं. मग त्यांनी सरळच विचारलं, कुणी कुणाचं उतरवलं? मी भिंतीकडं बघत होतो. मला वाटलं, आक्का गप्प बसेल.

"त्यानं माझं उतरवलंय सर," ती म्हणाली. "पर पोरगं हुशार हाय. आत्ता करून दाखवील."

परीक्षक म्हणाले, "ठीक आहे, कर इथं." मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. बाकी सगळे पेपर सुटले. ते एक प्रॅक्टिकल राहिलं, आणि त्यापायी पदवी राहिली.

पुढं मी प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायनं पुरवायचा धंदा काढला. निपाणीपासून लोंढ्यापर्यंत कॉलेजं धरली, कुणाच्या ओळखीवर नाही. आक्का पदवी घेऊन त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायला लागली. म्हणजे माझा माल तपासायला तीच. प्रत्येक बाटली वळवून तारीख बघायची. "हे न्हाय चालत, घेऊन जा," म्हणायची. मी तावातावानं भांडायचो. ती चहा मागवायची.

आणि दरवर्षी परीक्षेचे अर्ज निघाले की तिचा फोन यायचा. "अर्ज भर रं. एकच प्रॅक्टिकल हाय. मी करून घेतो तुझ्याकडनं." मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू.

मग एका वर्षी युनिव्हर्सिटीनं जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी म्हणून कळवलं. त्या वेळी फोन आला नाही. आक्का स्वतःच दुकानात आली, अर्ज घेऊन. पेन्सिलनं सगळं भरून आणलं होतं. वर मी शाईनं गिरवायचं आणि सही करायची, एवढंच काम. दुकानात चार माणसं होती. इतक्या वर्षांचं साठलेलं माझ्या तोंडून तेव्हा बाहेर पडलं.

"येक शबूद खोटा बोलली असतीस तर काय बिघडत हुतं तुझं?"

"माझं बी प्रॅक्टिकल गेलं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि तुला मी कुठं जा म्हटलं हुतं रं? करून दाखवील म्हटलं हुतं. तू आपल्या पायानं गेलास."

मी कपाटातल्या बाटल्या लावत राहिलो. थोडा वेळ ती स्टुलावर बसली, पाणी प्याली, अर्ज काउंटरवर ठेवून गेली. मुदत टळेपर्यंत मी तो ड्रॉवरमधून बाहेर काढला नाही. त्यानंतर तिनं परीक्षेचा विषय काढला नाही. बाटल्या मात्र तशाच परत करत राहिली.

गेल्या श्रावणात ती गेली. आठ-दहा दिवसांचा ताप. मला कळलं तिसऱ्या आठवड्यात, कॉलेजला माल घेऊन गेलो तेव्हा. नव्या माणसानं खोकं न उघडताच सही केली. माझ्या फायद्याचंच होतं ते. तरी मला त्याचा इतका राग आला की खोकं मीच फोडलं आणि एकेक बाटली त्याच्यापुढं मांडली. तो मोबाईल बघत होता.

दुकानात परत येऊन अर्ज काढला. नाव, गाव, वर्ष, विषय, सगळं आक्काच्या बारीक अक्षरात होतं. 'मुदतीत पदवी पूर्ण न होण्याचं कारण' एवढा एकच रकाना तिनं कोरा सोडला होता. मी आधी त्यात तिचं नाव लिहिलं. मग खोडलं. गिऱ्हाईकं येऊन गेली.

शेवटी लिहिलं: परीक्षेतून उठून गेलो.

खाली सही केली. वाचायला आता कुणी नाही.