छत्रीत तापवलेलं रथसप्तमीचं दूध

बकुळाताई मुणगेकर आमच्या समोरच्या दारात राहतात. वय एकसष्ट. लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, आनंदीबाई. घोडपदेवची आमची चाळ पाडून टॉवर झाला, पण देवाच्या दयेनं शेजार तोच राहिला. मी रोजच्या वहीत तिथी, पूजा आणि घरातलं चार ओळींत लिहिते. यंदाच्या माघाची पानं मात्र ताईंनीच भरली, म्हणून त्यांच्याबद्दल सलग लिहून ठेवते.

ताई बारावी सायन्सला होत्या तेव्हा गिरण्यांचा संप झाला. वडील साचेखात्यात, मागांवर कामाला; ते घरी बसले. ताईंनी कॉलेज सोडलं आणि एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचा, हे काम. पुलांच्या कमानी, टाक्यांची छपरं, सगळं हाताखालून गेलं. "वळण असंच का, ते आम्ही विचारायचं नाही. हात हलता कामा नये, एवढंच," असं त्या सांगतात. पुढे कंप्युटर आले आणि ताईंना फायली लावायला बसवलं. ते त्या फारसं सांगत नाहीत.

आता रथसप्तमीचं. त्या दिवशी उघड्यावर, सूर्यासमोर, गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू घालायचं; पूर्वेला सांडलं तर शुभ. आनंदीबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून एकदाही चुकल्या नाहीत. दूध उतू जाईपर्यंत तोंडात अन्न घेत नाहीत. पण गेल्या वर्षी गच्चीवरच्या धुरानं आगीची घंटा वाजली आणि बावीस मजले जिन्यानं खाली उतरले. यंदा आठ दिवस आधीच सोसायटीचा सेक्रेटरी हेरंब पारकर नोटीस घेऊन दारात आला. गच्चीवर विस्तव बंद.

"आजी, इंडक्शन लावू ना! मी एक्स्टेन्शन देतो वर."

"मगे सूर्याक कित्याक उठवतंस?" आनंदीबाई म्हणाल्या. "तेका निजांदे!"

हेरंब हसत गेला. मग त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "नाय जमला तर नाय जमला, बकुळे. पण त्या दिवशी मी जेवचंय नाय."

रुसून नाही, हवापाणी सांगावं तसं म्हणाल्या. ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या आईच्या साखरेच्या गोळ्या जेवणावर असतात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला गच्चीवर नेलं. भंगारात टीव्हीची जुनी छत्री पडली होती, पुढची दांडी तुटलेली.

"वैनी, ही पॅराबोला आहे. सरळ आलेलं ऊन हिच्यावरून परतून एकाच जागी गोळा होतं. त्या जागेला फोकस म्हणतात. तिथे दूध ठेवायचं. विस्तव नको, धूर नको."

"म्हणजे प्रत्यक्ष सूर्यनारायणच तापवणार?" मी विचारलं. मला तर हे गोवऱ्यांपेक्षाही सोवळं वाटलं.

ताईंनी आतून चंदेरी फिल्म चिकटवली. तांब्याच्या भांड्यात दूध चालत नाही, म्हणून स्टीलची लहान वाटी घेतली आणि ती बाहेरून काजळीनं काळी केली. छत्रीची रुंदी भरली साठ सेंटिमीटर, मधली खोली सहा. अर्ध्या रुंदीचा वर्ग नऊशे, त्याला खोलीच्या चौपटीनं भागायचं. साडेसदतीस आले. छत्रीच्या मधोमध, समोर साडेसदतीसवर वाटी टांगली. पाऊण तास उन्हात उभ्या राहिलो. दूध बोट बुडवण्याइतकं कोमट.

हेरंब डोकावला. "ताई, दही छान लागेल हां यात!"

ताईंनी वाटी सोडवून खाली नेली.

सकाळी मी कपडे वाळत घालत होते. शेजारी ताई उभ्या, समोरच्या इमारतीकडे टक लावून.

"वैनी, त्या छत्र्या बघा. सिग्नल गोळा होतो ती पुढची डबी कुठे आहे?"

बघितलं. प्रत्येक छत्रीची डबी तळाकडून निघालेल्या दांडीवर, खालच्या अंगाला. मधोमध एकही नाही.

ताई टेप घेऊन वर गेल्या, मी मागून. आडवी साठ. उभी मोजली तर पासष्ट!

"मी एकदाच मोजली, आडवी. गोल असेल असं धरून चालले." त्यांनी कपाळाला हात लावला. "ही अख्खी वाटी नाहीच वैनी. खोबऱ्याच्या वाटीच्या एका बाजूची कातळी काढावी, तसा तुकडा आहे. वळणाचा तळ मध्ये नाही, खालच्या कडेला आहे."

दोऱ्याला कुलूप बांधून त्यांनी ओळंबा केला आणि छत्रीच्या मागे सोडला. खालची कड दोऱ्याला टेकली, वरची पुढे झुकली. मग दर बारा सेंटिमीटर उंचीवर दोऱ्यापासून छत्री किती पुढे गेली ते मोजलं. झुकाव कमीजास्त करत तीनदा मोजलं. मी वहीत आकडे घेत होते. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस.

"जमलं!" ताई म्हणाल्या. "बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, तिथे छत्री एक पुढे. चोविसावर चार, साठावर पंचवीस. उंची म्हणजे वाय, पुढे गेलेलं म्हणजे एक्स; वाय वर्ग बरोबर एकशे चव्वेचाळीस एक्स. हे हिचं समीकरण. एकशे चव्वेचाळीसचा चौथा भाग छत्तीस. फोकस खालच्या कडेच्या पातळीत, छत्तीस पुढे. आणि मागे छत्तीसवर एक सरळ रेघ, ती डायरेक्ट्रिक्स."

"रेघेचं काय काम?"

"खात्री करायला."

त्यांनी छत्री अशी सरकवली की खालच्या कडेपासून मागे पाण्याच्या टाकीची भिंत बरोबर छत्तीसवर आली. भिंत हीच रेघ. समोर फोकसच्या जागी स्टुलावर खिळा. छत्रीच्या वरच्या टोकापासून खिळ्यापर्यंत मी दोरा धरला, एकसष्ट. त्याच टोकापासून आडवा मागे भिंतीपर्यंत, पुन्हा एकसष्ट. अठ्ठेचाळीस उंचीवरून बावन्न आणि बावन्न. कुठूनही धरा, दोन्हीकडे सारखंच. माझे हात आपोआप जोडले गेले.

"कॉलेजात हा धडा अर्धा झाला होता," ताई दोरा गुंडाळत म्हणाल्या. "नंतर गेलेच नाही."

रथसप्तमीला ऊन चांगलं होतं, पण दक्षिणेच्या टॉवरची सावली साडेदहाला गच्चीवर येते. आनंदीबाईंना लिफ्टनं वर आणून खुर्चीत बसवेपर्यंत दहा वाजले. हेरंब गॉगल लावून पाण्याची बादली घेऊन हजर. ताईंनी छत्रीला फोकसच्या दिशेनं एक काडी सरळ बसवली होती. काडीची सावली दिसेनाशी होईपर्यंत, म्हणजे सूर्य नेमका समोर येईपर्यंत, छत्री कलती केली आणि वाटी छत्तीसवर अडकवली. वाटीच्या काळ्या अंगावर रुपयाएवढा उजेड पडला, बघवेना असा.

मी सूर्याला अर्घ्य दिलं. दहा मिनिटं झाली, दुधावर साय धरली. सावली गच्चीच्या कठड्यावर आली. ताई दर दोन मिनिटांनी काडी बघून छत्री केसभर सरकवत होत्या, हात जराही हलत नव्हता.

"ताई, सावली आली," हेरंब कुजबुजला. आता त्याला चेष्टा सुचत नव्हती.

"येऊ दे."

साय मधून फुगली, फाटली, आणि दूध एकदम वर आलं. पूर्वेच्या कडेवरून सांडलं, काजळीवरून ओघळत खाली गेलं. आनंदीबाईंनी खुर्चीतूनच हात जोडले. मग वाटीत वाकून पाहिलं.

"पूर्वेक गेला. बरा झाला." मग लेकीकडे वळून, "पण ह्या येवढ्याशा दुधात काय व्हता गो? पुढच्या वर्षाक मोठी छत्री बघ. आता भात वाढ, माका भूक लागली."