पांढरं पडलेलं टेबल

कारखान्यात त्यांना सगळे आरसेभाऊ म्हणत. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात बघून खुशाल भांग पाडावा! पण पॉलिशची लाख विरघळते स्पिरिटमध्ये, आणि दारूने तर आरसेभाऊंचं अर्धं आयुष्य खाल्लेलं.

आधी काय आलं, डोक्यातले आवाज की दारू, हे त्यांनाही सांगता येत नसे. आवाज वाढले की बाटली, बाटली आली की गोळ्या बंद, मग पुन्हा इस्पितळ. एकदा तर त्यांनी कामाचं स्पिरिटच तोंडाला लावलं. डोळे जाता जाता वाचले. पण थोरल्या बहिणीने, ताईने, हात सोडला नाही, इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनीही नाही. "पुन्हा घेतलीत? बरं, बसा," एवढंच त्या म्हणत. हळूहळू चांगले दिवस लांबत गेले, मग चांगली वर्षं येऊ लागली.

मालकांनी कामावर परत घेतलं ते एका अटीवर. स्पिरिटचा डबा ताईच्या कपाटात, कुलपात. रोज सकाळी कामापुरती बाटली तिने भरून द्यायची.

एक दिवस गिऱ्हाइकाचं जेवणाचं टेबल वाळता वाळता पांढरंफटक पडलं. पॉलिशमध्ये पाणी गेलं की असंच होतं. मालकांनी बाटली हुंगली.

"प्यायलास, आणि वर पाणी भरलंस! चालता हो."

आरसेभाऊ बाहेर पडले. डोक्यातल्या आवाजांना चेव आला. बदनाम झालाच आहेस, आता पिऊनच घे! गुत्ता वाटेवरच होता. तिथे पाय थबकले. पूर्वी एवढं निमित्त पुरे होतं. पण चांगलं टेबल नासलं होतं, आणि ते कुणी नासवलं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती. ते तडक घरी आले.

"ताई, बाटलीत पाणी कुणी घातलं?"

ताईचा चेहरा उतरला. "काल तू एकटाच पुटपुटत होतास. वाटलं, पुन्हा सुरू होतंय. प्यायलास तरी निदान पातळ जाईल पोटात, म्हणून मीच घातलं."

आरसेभाऊ आधी भडकले, मग हसत सुटले. "आवाज होतेच गं. त्यांना गप्प बसा म्हणत होतो. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ."

ताई पदर खोचून कारखान्यात गेली आणि पाणी आपणच घातल्याचं तिने मालकांना सांगितलं.

"आधी सांगायचं नाही का?" मालक ओशाळून म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

टेबल खरवडून पुन्हा चकचकीत करायचं ठरलं, अर्थात आरसेभाऊंनीच. घरी आल्यावर ताईने कपाटाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. तिला फार वाईट वाटत होतं. आरसेभाऊंनी किल्ली परत सरकवली.

"तुझ्याकडेच राहू दे. आवाज वाढले की मीच सांगेन. तू फक्त पाणी घालू नकोस."